एक किलो पिशव्यांचे गणित

आठवडी बाजारात भाजीबरोबर हाती पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीची जाडी तुम्ही कधी मोजली आहे काय? शाळेतील स्क्रू गेजचे लघुत्तम माप बहुधा ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन असते. त्याने एका पदराची जाडी नेमकी कळणार नाही. म्हणून एक युक्ती करा. पिशवी कापून तिचा एकपदरी तुकडा घ्या आणि त्याच्या पाच वेळा घड्या घाला. ३२ पदर होतील. ते दाबून त्यांची जाडी मोजा व ३२ ने भागा. माप ०.६४ मिलिमीटर आले, तर एका पदराची जाडी २० मायक्रॉन झाली.

आता थोडे गणित करू. ही पिशवी ३० सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच आहे असे समजा. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ २,४०० चौ. सेंमी. आणि जाडी ०.००२ सेंमी.; म्हणून प्लॅस्टिकचे घनफळ ४.८ घ. सेंमी. पॉलिएथिलीनची घनता सुमारे ०.९२ आहे. म्हणजे पिशवीचे वजन जेमतेम ४.४ ग्रॅम! एका किलोत अशा सुमारे २२६ पिशव्या बसतात. त्या उलगडून पसरल्या, तर ५४ चौ. मीटर जागा झाकली जाईल. म्हणजे ३ मीटर × ४ मीटरच्या चार खोल्या झाकूनही काही उरेल.

वजन नगण्य, पण पसारा मोठा, हेच उपद्रवाचे मूळ होय. वाऱ्याने ती सहज उडते. कचरा वेचणाऱ्याला एका किलोसाठी २२६ वेळा वाकावे लागते. म्हणून तो तिच्याकडे फिरकत नाही. देशात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना बंदी आहे, त्यामागील एक कारण हेच. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ मध्येच प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. तरीही बाजारात त्या दिसतातच.

ही पिशवी कुजत का नाही? पॉलिएथिलीनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबच लांब साखळी. कागद किंवा सुती कापड यांचे रेणू मातीतील जंतू तोडू शकतात. ही साखळी त्यांना सहजी तुटत नाही. उन्हातील अतिनील किरणांनी पिशवी ठिसूळ होऊन तिचे तुकडे पडतात, पण ते प्लॅस्टिकच राहते. उष्ट्या अन्नासह ती गाईच्या पोटात गेली, तर पचत नाही. गोळा होऊन ती पोटाच्या पहिल्या कप्प्यातच अडकते आणि जनावर दगावू शकते.

लातूरच्या नाल्यातील पिशवी पावसात मांजरा नदीत जाते. मांजरा पुढे गोदावरीला मिळते. नांदेडच्या घाटांवरून वाहणारी हीच गोदावरी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या भागात पाणी इतके मोलाचे, तेथे नदी-नाले तुंबवणे परवडेल काय?

मग कापडी पिशवी घ्यावी? जरूर, पण एकदा वापरून टाकू नये. कापूस पिकवायला पाणी लागतेच. जुन्या कपड्याची पिशवी शिवून वर्षानुवर्षे वापरणे सर्वांत उत्तम.

शेवटी एक प्रयोग. कुंडीतील ओल्या मातीत कागद, सुती चिंधी आणि प्लॅस्टिक यांचे सारखे तुकडे पुरा. दर महिन्याला उकरून पाहा व वहीत नोंद करा. सहा महिन्यांनी कोण उरते, ते तुम्हीच सांगा!