ओहोटीच्या भरवशावर

सुरतेच्या कतारगामात निम्मा शेजार भावनगरकडचा, त्यामुळे कोळियाकचा निष्कलंक महादेव आम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. ओहोटीला समुद्रात किलोमीटरभर चालत जायचं, पांडवांच्या पाच पिंडींना पाणी घालायचं आणि परतायचं. हजीरा-घोघा रो-रो सुरू झाल्यापासून खंभातच्या आखाताचा वळसाही वाचतो, म्हणून जो तो यात्रा काढत सुटलाय.

आमच्या यात्रेवाल्याचं नाव घेत नाही. वाचलं तर त्याचं त्याला कळेल. घोघ्याला उतरल्यावर फाफड्यासाठी गाडी थांबली, मग त्याच्या ओळखीच्या दुकानात. मी विचारलं, "ओहोटी नक्की किती वाजता?"

"काकू, मागच्या वेळी बाराला गेलो होतो. निवांत!"

मागच्या वेळी! अहो, भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते. आठवड्याभरात सगळं उलटं होतं.

आम्ही पिंडींच्या ओट्यावर पोचलो तेव्हा फुलंवाली टोपली आवरत होती. "पाणी चढे छे," ती म्हणाली. यात्रेवाला हसला. मी मागे वळून पाहिलं. समोरचा समुद्र अजून लांब होता, पण ज्या खाचांतून आम्ही कोरड्या पायांनी आलो त्यांत गढूळ पाणी सरसर शिरत होतं. पाणी समोरून नव्हे, पाठीमागून येत होतं! सासूबाईंचा हात धरून मी तडक निघाले. हा फोटो काढत बसला आणि शेवटी गुडघाभर पाण्यातून आला. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज: "काही जणांच्या घाबरटपणामुळे दर्शनाची घाई झाली."

म्हणून सांगते. भरतीचा तक्ता भावनगरचाच बघा. माझं माहेर अलिबागचं; तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब कुलाबा किल्ल्याला चालतो, इथे नाही. आखातात वर चढायला भरतीला आणखी काही तास लागतात. पाणी उतरत असतानाच आत जा आणि तक्त्यात ओहोटीची जी वेळ असेल तिला परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब हटतं, तसंच जोरात येतं. इथे उधाणाला भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो. वाट शेवाळाची आहे, पट्ट्याच्या सँडल घाला. म्हाताऱ्यांना जपा. विकणाऱ्यांनी सामान आवरलं की कोणाचं न ऐकता निघा.

आणि यात्रेचे सगळे पैसे आधी देऊ नका. जेवणाचे म्हणून घेतलेले आमचे पैसे अजून परत यायचेत.