आधी कड, मग शिक्का

स्टॉकहोमला राहायला गेलीस आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुला लॉप्पिसचं, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारांचं, वेड लागलं, हे ऐकून बरं वाटलं. आता पाकीट उघडण्याआधी मावशीचं थोडं ऐक.

जुना कप हातात आला की सगळे आधी तो उलटा करून शिक्का वाचतात. नाव ओळखीचं निघालं की मन विरघळतं आणि मग दोष दिसेनासे होतात. तू आधी कडेवरून बोट फिरव. बारीक टवका उडालेला असला तर तो डोळ्याआधी बोटाला कळतो. मग कपाचा कान जिथे जोडलेला असतो तिथे नखाने चाचप. डागडुजी झाली असेल तर ग्लेझचा गुळगुळीतपणा तिथे एकदम बदलतो. शेवटी भांडं तळहातावर मोकळं धरून टिचकी मार, आजी मडकं वाजवून घ्यायची तशी. बद्द वाजलं की केसासारखा तडा आहे असं समज. जाड मातीच्या भांड्याचा आवाज मुळातच बसका असतो, म्हणून शेजारी त्याच जातीचं दुसरं असेल तर तेही वाजवून बघ.

एवढं झाल्यावर खुशाल उलटं कर. शिक्क्यात नावापेक्षा काळ शोधायचा. स्टिग लिंडबर्गचं 'बेर्शो', ते हिरव्या पानांचं, गुस्ताव्सबर्गने 1961 ते 1974 या काळात बनवलं आणि 2005 पासून पुन्हा काढलं. मारियान वेस्टमनचं निळ्या फुलांचं 'मोनामी' रॉरस्ट्रांडचं, 1952 चं. तेही 2008 मध्ये परत आलं. नवं वाईट नाही, रोजच्या चहाला उलट बरंच. फक्त जुन्याच्या भावात घेऊ नकोस. विकणारा फसवतोच असं नाही, कित्येकदा त्यालाही फरक ठाऊक नसतो. रॉयल कोपनहेगनच्या बुडाला तीन निळ्या लाटा असतात, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. त्या लाटांवर आडवा ओरखडा दिसला तर तो माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला. वापरायला काही बिघडत नाही, पण किंमत त्या मानानेच मोजायची. 1935 पासून तिथल्या शिक्क्यात एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली बारीक रेघ असते. तिच्यावरून वर्ष काढता येतं, म्हणून पर्समध्ये भिंग ठेव.

सेट पुरा करायच्या नादी लागू नकोस. पाच बश्या जमल्या की सहावीसाठी माणूस वाटेल ते मोजतो, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं. फिनलंडच्या काय फ्रांकने तर सेट मोडायलाच 'किल्टा' केली. आराबिया कारखान्याने 1953 साली ती बाजारात आणली. साधे गोल-चौकोनी आकार, एकरंगी ग्लेझ, हवं ते सुटं घ्या, पिवळ्याशेजारी काळं ठेवा. तीच पुढे 1981 पासून 'टीमा' या नावाने आली. माझ्या फळीवर दोन बश्या एका घराण्याच्या आणि वाडगा तिसऱ्याच घरचा आहे. पाहुण्यांची काही तक्रार नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराचं. हे तुला स्वीडिश विक्रेता सांगणार नाही, कारण त्याच्याकडे हळद एवढी लागत नाही. जुन्या फ्लिंटच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, भांड्यांच्या ग्लेझमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. आतली माती सच्छिद्र. अशा ताटलीत आमटी वाढलीस तर थोड्याच दिवसांत सगळं जाळं पिवळं उमटतं आणि घासून निघत नाही. तेलही आत मुरतं. म्हणून विकत घेण्याआधी भांडं हुंगून बघ, लाजू नकोस. खवट वास आला तर ठेवून दे. घरी आणल्यावर डाग दिसले तर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत ठेव. क्लोरीनचं ब्लीच मात्र वापरू नकोस, ते मातीत राहतं आणि पुढे ग्लेझ सुटायला लागतं. रोजच्या भाजी-आमटीला स्टोनवेअर घे. उला प्रोकोपेची तपकिरी 'रुस्का' आपल्या मसाल्यांना पुरून उरते, आणि त्या रंगात डाग पडला तरी दिसतो कुणाला!

भडक लाल, नारिंगी, पिवळ्या नक्षीच्या जुन्या भांड्यांत लोणचं, कोकमाचं सार, दही असलं आंबट ठेवायचं नाही. त्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. फळं ठेव, नाहीतर भिंतीवर टांग.

इनॅमलचा नियम वेगळा. नॉर्वेच्या हाल्डन गावच्या कॅथरीनहोल्मचे कमळाच्या पाकळ्यांचे वाडगे तुला हमखास भुरळ घालतील. आकार ग्रेटे प्रिट्झ किटेल्सनचे आणि पाकळ्या आर्ने क्लाउसनच्या. ग्रेटेबाईंना स्वतःला ती नक्षी फारशी रुचली नव्हती, पण जगाने नेमकी तीच डोक्यावर घेतली. बाहेरचा टवका चालेल. आतला नाही, कारण खालचं पोलाद गंजतं. आणि इनॅमलच्या पातेल्यात फोडणी करू नकोस; रिकामं तापलं की लेप तडकतो. फोडणी आपल्या लोखंडी पळीतच. येन्स क्विस्टगार्डची 'कोबेनस्टाइल' पातेली दिसली तर झाकण सोबत आहे का बघ. झाकणाची फुलीसारखी मूठ उलटी ठेवली की तेच टेबलावर भांड्याखालची बैठक होतं. झाकणाशिवाय अर्धी गंमत गेली.

यातलं काहीही डिशवॉशरमध्ये घालायचं नाही. सागवानी मुठी तर मुळीच नाही, त्यांना अधूनमधून तेलाचा हात दे.

भाव करताना उगाच नाक मुरडू नकोस, तिथे ते खपत नाही. दोन-तीन वस्तू एकत्र धरून सगळ्यांचे मिळून किती, एवढंच विचार. दुपारी सामान आवरायची वेळ झाली की उत्तर मवाळ येतं.

पुण्याला येताना ताटल्या आडव्या रचू नकोस. प्रत्येक वेगळी गुंडाळून बॅगेत उभी ठेव, मध्ये मोजे कोंब. कपाच्या कानात आधी कागद भर, मग कप गुंडाळ. आणि रुस्काचा एखादा वाडगा जास्तीचा मिळाला तर मावशीसाठी घेऊन ये, टवका असला तरी चालेल.