परमुलखातील एका जोडप्याचा आठवडा

(वाचन: प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८, रोमकरांस पत्र १६:३-५, करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १६)



परदेशी मिशनकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा घातलेले फादर किंवा सिस्टर उभ्या राहतात. नवरा-बायको उभे राहत नाहीत. प्रपंच करणाऱ्यांनी वर्गणी द्यावी, प्रार्थना करावी आणि मिशनला फादरांनी जावे, अशी कामाची वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. नव्या करारात मात्र संत पौलाचे अगदी जवळचे सहकारी म्हणून एक विवाहित जोडपे भेटते: अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. ख्रिस्तसभा ८ जुलैला या दोघांचे स्मरण करते.

अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला यहुदी. दोघे रोममध्ये राहत होती. इ. स. ४९ च्या सुमारास कैसर क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून निघून जाण्याचा हुकूम केला आणि ही दोघे करिंथला आली. म्हणजे ती मिशनरी म्हणून गेली नव्हती, हाकलली गेली म्हणून गेली. तिथे पौल त्यांच्या घरी उतरला, कारण तिघांचा धंदा एकच होता: राहुट्या करण्याचा.

त्यांचा आठवडा कसा जात असेल? जाड कापड किंवा कातडे कापायचे, दाभणाने शिवायचे, गिऱ्हाइकाशी भाव ठरवायचा. येवल्याच्या विणकराचे घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगायला नको. माग घरातच, नवरा-बायको दोघेही कामात, हात चालू आणि तोंडही चालू. आल्यागेल्याशी बोलणे होते ते मागावर बसूनच. करिंथमध्ये असेच चालले असणार. शब्बाथ आला की पौल सभास्थानात बोलत असे. बाकीचे दिवस सुवार्तेला दुकानाखेरीज दुसरी जागा नव्हती.

पुढे ती दोघे पौलाबरोबर समुद्र ओलांडून इफिसला गेली. तिथून पौलाने करिंथकरांना जे पहिले पत्र लिहिले, त्याच्या शेवटच्या अध्यायात दोन गोष्टी जवळजवळ येतात. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीतून काही बाजूला काढून ठेवावे, असे तो सांगतो. आणि अक्विल्ला, प्रिस्किल्ला व त्यांच्या घरातील मंडळी यांचा सलामही कळवतो. त्या काळी चर्चची इमारत नव्हती. रविवारी लोक जमत ते कुणाच्या तरी घरी. कुणीतरी आदल्या दिवशी राहुट्यांचा पसारा आवरत असेल, पाणी भरत असेल, भाकरीची सोय पाहत असेल. हे ‘कुणीतरी’ म्हणजे हीच दोघे.

इफिसमधलाच अपुल्लोसाचा प्रसंग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. हा आलेक्सांद्रियाचा मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याच्या भाषणातली उणीव या दोघांच्या ध्यानात आली. त्यांनी भर सभेत उठून त्याला टोकले नाही. त्याला आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. एका विद्वानाला राहुट्या शिवणाऱ्या नवरा-बायकोने शिकवले, आणि त्याने ते ऐकून घेतले. तरुणांच्या चुका चौकात सांगण्याची आपल्या वडीलधाऱ्यांना फार सवय आहे. त्यांनी हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा.

आणखी एक बारीक गोष्ट. नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा वेळा येतो. सहाही वेळा दोघे बरोबर, आणि त्यांत चार वेळा पत्नीचे नाव आधी.

हे सारे इफिस-करिंथपुरते नाही. आपल्या नाशिकचेच उदाहरण घ्या. अँग्लिकन मिशनने १८५४ मध्ये शरणपूर वसवले. अरबी समुद्रावरच्या गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना पुढे तिथे आणून शिकवले जाई, धर्मशिक्षणाबरोबर हातकामही. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे १८६४ मध्ये आपापल्या पत्नींसह केनियातील मोम्बासाजवळच्या रबाई मिशनमध्ये सेवेसाठी गेले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. मिशन आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, तरी नाशिकहून समुद्रापार गेलेली ही जोडपी आपल्याला परकी वाटू नयेत. त्या तिघांच्या पत्नींची नावे मात्र इतिहास सांगणारे सहसा घेत नाहीत. याबाबतीत प्रेषितांची कृत्ये लिहिणारा संत लूक आपल्या पुष्कळ पुढे होता.

आता विंचूरकडे येऊ. आपल्या धर्मग्रामात साठी ओलांडलेली कितीतरी जोडपी आहेत. मुले पुण्याला, काहींची आखातात; घरात दोघेच. ‘आता आमचे काय राहिले, फादर?’ हे वाक्य आम्ही घरभेटीत पुष्कळदा ऐकतो. हारान सोडताना अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा होता आणि सारा त्याच्याबरोबर होती, एवढेच उत्तर आम्ही देतो. काही जण नातवंडांसाठी सहा-सहा महिने परदेशी जाऊन राहतात. आईबाप कामावर गेल्यावर त्या परक्या शहरात नातवाला क्रुसाची खूण करायला, मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायला शिकवणारे दुसरे कोण असते? शेजारच्या फ्लॅटमधल्या एकट्या पडलेल्या कामगार मुलाला घरचे जेवण कोण वाढणार? तिथल्या सहा महिन्यांना ‘वेळ घालवला’ म्हणू नये.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुटुंबाविषयीच्या १९८१ च्या पत्रात (परिच्छेद ५४) अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांना मिशनरी जोडपे म्हणून पुढे ठेवले आहे. आणि तिथेच, काही काळासाठी का होईना, दूरच्या मिशनमध्ये जाणाऱ्या कुटुंबांचीही आठवण केली आहे. आपल्या नाशिक धर्मप्रांताला दूरचा मुलूख शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आदिवासी भागातील पाड्यांवर सर्वत्र दर रविवारी मिस्सा होऊ शकत नाही. तिथे मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी, आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळची रोझरी यांसाठी महिनाभर जाऊन राहणारे एखादे जोडपे मिळाले, तर तिथल्या फादरांना मोठा आधार होईल. प्रवचन द्यावे लागणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, घराची राखण, शेतावर कोण बघणार, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांवर बसून बोलता येईल.

द्राक्षांची काढणी आटोपल्यावर, एप्रिल-मे मध्ये, ज्यांना जमण्यासारखे असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे. मात्र दोघांनी मिळून यावे. एकट्याने येऊन ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणू नये.

– तुमचे धर्मगुरू