मुक्काम कोठे टाकावा, माघारी कधी फिरावे

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट आहे. अकोले तालुक्यातील बारी गावाच्या डोक्यावरच ते उभे आहे. नवरात्रात तेथे देवीची यात्रा भरते. तेव्हा आसपासच्या गावांतली म्हातारीकोतारी माणसेही वर जाऊन येतात.

पण आता बाराही महिने शहरातली माणसे येतात. मुंबईहून येतात, पुण्याहून येतात, नाशिकहून येतात. पाठीवर पिशवी, पिशवीत तंबू. गावात आली की विचारतात, "दादा, तंबू कुठं ठोकू? उद्या वर गेलो तर परत कधी येऊ?"

हे दोनच प्रश्न आहेत. पण त्यांची उत्तरे चुकली तर माणसे जिवाला मुकतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, यात शिकायचं काय? आमचा जन्म डोंगरात गेला." खरे आहे. तुमच्या पायांना डोंगर ठाऊक आहे. पण पाहुण्याच्या पायांना तो ठाऊक नाही. म्हणून तुमच्या पायांना जे कळते ते तोंडाने सांगता आले पाहिजे, आणि कागदावर मांडता आले पाहिजे.

आधी मुक्कामाची जागा पाहू.

मुक्काम पाण्याजवळ असावा, पण पाण्याच्या काठाला चिकटून नसावा. भंडारदऱ्याचे उदाहरण घ्या. तेथे प्रवरा नदीवर धरण आहे. ते १९२६ साली पुरे झाले. त्याच्या तलावाच्या काठी पुष्कळ लोक तंबू ठोकतात. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि सपाट जमीन उघडी पडते. जागा मोठी छान दिसते. पण पाऊस सुरू झाला की तेच पाणी वर चढते. म्हणून काठापासून शंभर पावले दूर आणि थोडे उंचावर राहावे. शौचाला जाण्याची जागा पाण्यापासून आणखी दूर ठेवावी. ते पाणी कोणीतरी पिणार असते.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर कधीच झोपू नये. तेथे वाळू मऊ असते, वारा लागत नाही, म्हणून शहरच्या पोरांना ती जागा फार आवडते. त्यांना सांगावे, येथे आभाळ निरभ्र असले तरी वर डोंगरात पाऊस पडत असेल, आणि रात्री पाणी कधी आले ते कळणारही नाही. साम्रद गावाजवळ सांधण दरी आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मध्ये अरुंद वाट. तेथे पाणी आले तर माणसाने बाजूला व्हायचे कोठे? पावसाळ्यात त्या दरीत उतरू नये आणि कोणाला उतरवू नये.

पावसाळ्यात उभ्या उताराच्या पायथ्याशीही मुक्काम नको. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगर खचून गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी तशीच गेली. ती तर नांदती गावे होती. तंबू म्हणजे नुसते कापड. उतारावर नवी भेग दिसली, झाडे वाकलेली दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तेथून उठावे. रात्र असली तरी उठावे.

थंडीचे गणित वेगळे आहे. थंड हवा जड असते. ती रात्री उतरून खोलगट जागेत साचते. म्हणून डिसेंबरात खळग्यापेक्षा थोडी उंच, वाऱ्याच्या आडोशाची जागा बरी. पण एकट्या झाडाखाली राहू नये, त्यावर वीज पडते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खाली चूल पेटवू नये. धूर गेला की माश्या उठतात. काही पाहुणे अंगाला सेंट फासून येतात आणि मोठ्याने गाणी लावतात. त्यांना हात जोडून सांगावे, की बाबांनो, मोहोळाजवळ हे नको.

हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली झाले. तेव्हा मुक्कामाआधी वनखात्याच्या माणसाला विचारावे. मनाला येईल तेथे शेकोटी पेटवू नये.

आता दुसरी गोष्ट. एकाच तळावर राहून सगळे डोंगर करू, असा हट्ट पुष्कळांचा असतो. धरणाशेजारच्या शेंडी गावाजवळ मुक्काम केला तर रतनगड आणि कळसूबाई ही दोन्ही चांगली जमतात. पण हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने करायचा असेल, तर आदल्या दिवशी मुक्काम पाचनईलाच हलवावा. नाहीतर सकाळचा थंड वेळ जीपगाडीत जातो आणि चढ उन्हात पडतो. तंबू उचलायचा कंटाळा नको.

क्रमही विचाराने लावावा. पाहुणे नवखे असतील तर पहिल्या दिवशी रतनगड दाखवावा. रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने देऊळ आहे. तेथून रानातली वाट लागते, पुढे शिड्या आहेत, आणि गडाच्या माथ्यावर खडकाला आरपार मोठे भोक आहे. त्याला नेढे म्हणतात. या वाटेवर कोण दमतो, कोण शिडीवर घाबरतो, कोणाचे बूट नवे आहेत, हे सगळे तुम्हाला कळते. मग कळसूबाईला कोणाला न्यायचे ते ठरवता येते. अलंग, मदन, कुलंग हे गड नवख्यांसाठी नाहीत. तेथे दोर लागतो आणि दोर लावणारी शिकलेली माणसे लागतात.

आता वेळेचा हिशेब करू.

स्कॉटलंड देशात विल्यम नाइस्मिथ नावाचे एक गिर्यारोहक होते. त्यांनी १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला. तीन मैल चालीला एक तास धरावा, आणि दोन हजार फूट चढाला आणखी एक तास धरावा. आपल्या मापात, ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास.

बारीहून कळसूबाईचा चढ सुमारे ९०० मीटर आहे. त्याला दीड तास. वाट सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. तिला सव्वा तास. झाले पावणेतीन तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. पाणी पिणे, बसणे, फोटो काढणे, यांचा पाऊण तास वेगळा धरा. म्हणजे साडेतीन तास. रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. तिचा वेळ कोणीच धरत नाही, आणि तेथेच घोटाळा होतो.

उतरायला कमी वेळ लागतो असे लोकांना वाटते. पण दमलेले गुडघे उतारावर जास्त दुखतात. उतरायला तीन तास धरावेत.

आता उलटा हिशेब करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. कोणाचा पाय मुरगळला तर हाताशी दोन तास हवेत. म्हणजे चार वाजता खाली पोचले पाहिजे. चारातून तीन गेले, उरला एक. तेव्हा दुपारी एक ही माघारी फिरण्याची वेळ. एक वाजता जेथे असाल तेथून फिरायचे. शिखर हाताच्या अंतरावर दिसत असले तरी फिरायचे.

हे बोलायला सोपे आहे. पाहुणा म्हणतो, "दादा, एवढं आलोय, दहाच मिनिटं." त्याने पैसे दिलेले असतात. ते पैसे तुमच्या घरात लागतात, हेही मला माहीत आहे. पण त्याने पैसे दिले ते वाट दाखवण्याचे. आपण फिरायचे म्हटले की बहुतेक माणसे फिरतात. ही वेळ आदल्या संध्याकाळीच सगळ्यांना सांगून ठेवावी, म्हणजे वर भांडण होत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग येतात. तेव्हा वेळ अजून अलीकडे घ्यावी. गडगडाट ऐकू आला की माथा सोडावा. विजा चमकत असताना लोखंडी शिडीला हात लावू नये. उन्हाळ्यात वाटेवरच्या पाण्याचा भरवसा धरू नये. प्रत्येकाने तीन लिटर पाणी खालूनच न्यावे.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा येथे उपयोग करा. एक वही घाला. आदल्या रात्री कंदिलापाशी किंवा दिव्यापाशी बसून तिच्यात एक पान लिहा. ते असे:

"तारीख – . डोंगर – कळसूबाई. वाट – बारीची. माणसे – सहा. त्यांची नावे आणि घरचे फोन – . निघणे – सकाळी ६. वर पोचणे – साडेनऊ. माघारी फिरणे – कसेही झाले तरी दुपारी १. खाली पोचणे – ४. सहापर्यंत आलो नाही तर ११२ वर फोन करावा. माणूस जखमी असेल तर १०८ वर गाडी मागवावी."

हे पान फाडून घरी ठेवावे. ज्याच्याकडे ठेवाल त्याला ते एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. त्याची नक्कल आपल्या खिशात ठेवावी, आणि पाऊस असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी.