मशीन घेण्याआधी खोली बघा

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात बचत गटाची बैठक संपली की कुणीतरी हमखास थांबून विचारतं, "ताई, अंडी उबवायचं मशीन कोणतं घेऊ?" मी म्हणते, आधी ते ठेवणार कुठे ती खोली दाखव.

अंड्यातला जीव गारठ्यापेक्षा उष्णतेनं लवकर जातो. घरगुती मशीन म्हणजे थर्माकोलची किंवा प्लॅस्टिकची पेटी, त्यात बल्ब नाहीतर हीटर, छोटा पंखा आणि बल्ब चालू-बंद करणारा कंट्रोलर. ते हवा तापवतं, थंड मात्र करू शकत नाही. पंख्याच्या मशीनमध्ये साडेसदतीस अंश हवेत. चैत्र-वैशाखात वाशीम जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो आणि टिनाखालची खोली दुपारी त्याहून तापते. खोलीच ४१ अंशांवर गेली तर बल्ब विझूनही पेटी निवत नाही. अंडी काही तास थोडी थंड पडली तर पिल्लं उशिरा निघतात, बरीचशी निघतात तरी. तीन-चार अंश जास्त झाले की काही तासांत खेळ आटोपतो. म्हणून धाब्याच्या, मातीच्या भिंतीच्या, दिवसभर सावलीत असणाऱ्या खोलीत मशीन ठेवा. पहिला घाणा दिवाळीनंतर लावा, उन्हाळ्यात नाही.

दुसरी गोष्ट पडद्यावरच्या आकड्याची. माझ्या पहिल्या मशीनवर ३७.७ हा आकडा जागचा हलत नव्हता. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, सेटिंग करून दिलंय, हात लावू नका. तरी एकविसाव्या दिवसाच्या बरंच आधी कवचं टोचली जाऊ लागली. जी पिल्लं निघाली त्यांची बेंबी मिटलेली नव्हती, आणि पुष्कळ तर कवचातच गेली. तापाचा थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवला तेव्हा कळलं, आत ३९ च्या घरात होतं. तेव्हापासून कोणाचंही नवं मशीन आलं की मी ते आधी रिकामंच एक दिवस-रात्र चालवायला सांगते. तापाचा थर्मामीटर अंड्याच्या उंचीवर, पेटीच्या मध्यात आणि कोपऱ्यांत ठेवून बघा. तो जास्तीत जास्त तापमान धरून ठेवतो, म्हणून दर वेळी झटकून किंवा बंद करून पुन्हा लावा. कोपऱ्या-कोपऱ्यांत एक अंशाचा फरक दिसला तर ते मशीन परत करा. बिनपंख्याच्या पेटीत वर-खाली मोठा फरक पडतो. पैसे थोडे जास्त लागले तरी पंख्याचंच घ्या.

पेटी गच्च भरू नका आणि हवेची भोकं बुजवू नका. दोन आठवड्यांनंतर वाढलेलं पिल्लू स्वतःच उष्णता सोडतं आणि प्राणवायूही जास्त ओढतं. शेवटच्या आठवड्यात होणाऱ्या मरीची मुळं बऱ्याचदा तिथे असतात.

आर्द्रतेच्या आकड्यावर तर मी फारसा विश्वासच ठेवत नाही; स्वस्त मापक दहा टक्के इकडे-तिकडे सहज दाखवतो. पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५-७० टक्के हवी, हे खरं. पण खरी साक्ष वजनकाटा देतो. १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. दहा गावरान अंडी पहिल्या दिवशी ४०० ग्रॅम भरली, तर अठराव्या दिवशी ३५० च्या आसपास भरावीत. वजन जास्त उतरलं तर हवा कोरडी आहे, पाण्याचं भांडं मोठं करा. कमी उतरलं तर भांडं छोटं करा. पावसाळ्यात इथे पहिल्या १८ दिवसांत बहुतेक वेळा भांडं छोटंच लागतं.

अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावी लागतात, अठराव्या दिवसापर्यंत. आपोआप फिरवणारं मशीन शेतात जाणाऱ्या बाईला खरंच उपयोगी पडतं. त्यानंतर फिरवणं बंद, आणि झाकणही बंद. पिल्लू टोचायला लागलं की हात लावून सोडवायची ओढ होते. ते बारा ते चोवीस तास घेतं. मध्ये झाकण उघडलं की ओलावा उडतो आणि आतली पातळ त्वचा वाळून त्याला चिकटते.

अंडी दुकानातल्या ट्रेची आणू नका. ती ज्या पोल्ट्रीतून येतात तिथे कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून? दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या. मेडशी-शिरपूरहून मोटारसायकलवर आणलेली अंडी अणकुचीदार टोक खाली करून एक दिवस तशीच ठेवा, मगच लावा. वनराजा, गिरिराजा या संकरित जाती आहेत, त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापाइतकं उत्पादन देत नाहीत. त्या जातीची पिल्लंच विकत घ्या. लसीकरणाचं वेळापत्रक रिसोड तालुक्यातल्या करडा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा, पिल्लं निघाल्यावर नाही.

आणि लाइन गेली तर? इन्व्हर्टर असेल तर उत्तम. नसेल तर पेटीवर गोधडी टाका, भोकं मोकळी ठेवा, झाकण उघडू नका. मी घरात एक खुडूक कोंबडी नेहमी ठेवते. लाइन तासन् तास आली नाही तर तिच्याखाली दहा-बारा अंडी सरकवता येतात.