बलामाची गाढवी आणि घोड्याचे दांत

पाठ : गणना २२:२१–३५. जोडीनें वाचावें : नीतिसूत्रें १२:१०.

बलामाची गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. मवाबाचा राजा बालाक यानें बोलाविलें म्हणून बलाम आपल्या गाढवीवर बसून निघाला. वाटेंत परमेश्वराचा दूत उपसलेली तरवार घेऊन उभा होता. तो गाढवीला दिसला, बलामाला दिसला नाहीं. पहिल्यानें ती वाट सोडून शेतांत शिरली. मग द्राक्षमळ्यांमधल्या अरुंद वाटेंत भिंतीला घसटली, तेव्हां बलामाचा पाय चेंगरला. तिसऱ्यानें ती त्याच्याखालीं बसलीच. तीनही वेळां तिला मार बसला. रविवारच्या शाळेंत हा पाठ चालतो तेव्हां मुलें गाढवी बोलली या चमत्कारापाशीं थांबतात, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही शिकविणारेही बहुधा तेथेंच थांबतों. ती काय बोलली इकडे आमचें लक्ष जात नाहीं.

तिचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, मार खाण्यासारखा माझा अपराध कोणता? आणि जन्मभर तुझें ओझें वाहिलें, त्यांत मी अशी कधीं वागलें होतें काय? या दुसऱ्या प्रश्नाला बलामास नकारार्थी एका शब्दापलीकडे उत्तर देतां आलें नाहीं.

हा दुसरा प्रश्न जनावर पाळणाऱ्यानें ध्यानांत धरण्याजोगा आहे. जें जनावर वर्षानुवर्षें गुणानें वागलें तें एकाएकीं अडूं लागलें, तर त्याला अडविणारें कांहीं तरी पुढें उभें आहे. आपणांस तें दिसत नाहीं इतकेंच. आज हें आम्ही घोड्याविषयीं लिहीत आहों, कारण घोड्याच्या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली.

आमच्या मंडळींतील एक बंधु लग्नसराईंत वरातीसाठीं घोडी देतात. घरचा बराचसा खर्च या एका घोडीवर चालतो. पांढरी, शांत, वाजंत्री व फटाके यांना सरावलेली ही घोडी नऊ वर्षें त्यांच्या दारीं होती. २०२२ च्या लग्नसराईंत ती बिघडली. लगाम घालूं देईना, मान झटकूं लागली, आणि एका वरातींत तिनें डोकें असें वर फेकलें कीं नवरदेव घसरून वऱ्हाडी मंडळींच्या अंगावर पडला. बंधूंनीं आधीं मार देऊन पाहिला. मग बाजारांतून आंतल्या अंगाला कांटे असलेला लगाम आणला. घोडी अधिकच बिथरली, आणि दोन महिन्यांत तिच्या बरगड्या मोजतां येऊं लागल्या. तेव्हां ते सल्ला विचारावयास आमच्याकडे आले. आम्ही घोडी पाहावयास गेलों नाहीं. ओसरीवर बसल्या बसल्याच सांगितलें कीं, खोडकर जनावर एखाद्याच्या जिवावर उठेल, मिळेल त्या किंमतीला विकून टाका. त्या स्थितींत विकलेली घोडी कोठें जाते हें आम्हांस ठाऊक होतें, तरी सांगितलें.

घोडी वांचली ती त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीमुळें. गव्हाणीखालीं तिला कडब्याच्या चोथ्याचे ओले गोळे सांपडले. "बाबा, ती खात नाहीं; नुसती चघळते आणि टाकते," असें तिनें बापाला दाखविलें. दुसऱ्या दिवशीं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टर आले. त्यांनीं गुंगीचें औषध दिलें, जबडा उघडा राहावा म्हणून तोंडांत लोखंडी चौकट बसविली, विजेरीच्या उजेडांत आंत पाहिलें, आणि मग आम्हां सर्वांस एकेक करून पाहावयास लावलें. वरच्या दाढांची गालाकडची कड विळ्याच्या पात्यासारखी झाली होती. दोन्ही गालांना आंतून जखमा होत्या, जिभेच्या कडेला चीर पडली होती. लगाम ओढला कीं गालाचें मांस त्याच पात्यावर दाबलें जाई. डाव्या बाजूची खालची एक दाढ केव्हां तरी पडून गेली होती, व तिच्या समोरची वरची दाढ त्या रिकाम्या जागेंत उतरून हिरडीला टोंचत होती. घोडी समोर चंदी असतांना उपाशी मरत होती. आमच्यापैकीं कोणी बराच वेळ बोललें नाहीं. दूत कोठें उभा होता तें त्या दिवशीं आम्हांस दिसलें.

आतां या दांतांची रचना समजून घेतली पाहिजे, म्हणजे बाकीचें आपोआप उलगडेल. आपला दांत एकदां आला कीं त्याची वाढ थांबते. घोड्याचें तसें नाहीं. तरुण घोड्याची दाढ तीन-चार इंच लांब असते, पण तिचा बहुतेक भाग जबड्याच्या हाडांत दडलेला असतो. चघळून वरचा भाग झिजतो तसतशी ती वर्षाला सुमारें २ ते ३ मिलिमीटर बाहेर सरकते, आणि ही शिल्लक पंचवीस-तीस वर्षें पुरते. गवतांतील खरखरीत कणांनीं दांत झिजावे व ती झीज आंतून भरून निघावी, अशी ही योजना निर्माणकर्त्यानें केली आहे. परंतु घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षां अरुंद असतो. म्हणून वरच्या दाढांची बाहेरची कड व खालच्या दाढांची जिभेकडची कड पुरती घांसली जात नाहीं, व तिला धार येते. माळावर मोकळा सोडलेला घोडा मान खालीं घालून दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. त्याचा जबडा जात्याच्या पाळीसारखा बाजूला फिरतो, त्यामुळें धार कांहींशी मोडते. दावणीला बांधून तोबऱ्यांत हरभरा व कुट्टी खाणाऱ्या घोड्याचा जबडा नुसता वरखालीं हालतो. म्हणून ज्या घोड्याची आपण अधिक बडदास्त ठेवतों त्याच्याच दाढा लवकर बिघडतात, हें पुष्कळांना चमत्कारिक वाटेल.

नराला साधारणतः ४० दांत असतात व मादीला ३६, कारण मादीला बहुधा सुळे नसतात. त्यांपैकीं २४ दाढा. त्या तोंडाच्या आंत इतक्या खोल असतात कीं ओठ वर करून पाहणाऱ्यास त्यांचा पत्ता लागत नाहीं.

येथें बाजाराची गोष्ट सांगितली पाहिजे. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांत गिऱ्हाइकानें घोड्याचा ओठ उचलून दांत पाहावे ही रीतच आहे. तें ज्ञान खोटें नाहीं. पुढचे दुधाचे दांत अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनें पडतात, व पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. वरच्या कोपऱ्यांतील दांतावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीजवळ एक काळसर खांच दिसूं लागते. पंधराव्या वर्षीं ती दांताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्या वर्षीं टोंकापर्यंत. या खुणा थोड्या पुढेंमागें होतात, आणि म्हाताऱ्या घोड्याचे दांत कोरून, डागून त्याला तरुण करणारे व्यापारीही असतात. पण आमचा मुद्दा निराळा आहे. बाजारांत सारे पुढचे दांत पाहतात. दुखतें तें मागें. आपल्यांत म्हण आहे, धर्माची गाय आणि दांत कां ग नाय. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या घोड्याच्या दाढा मात्र डॉक्टरांकडून पाहवून घेण्यास कोणी हंसणार नाहीं.

तोंड दुखतें हें घोडा सांगत नाहीं, पण तें लपवितही नाहीं. चोथ्याचे गोळे ही सर्वांत स्पष्ट खूण. याशिवाय, खातांना तो डोकें एका बाजूला कलतें धरतो, चंदी सांडतो, तोबरा रिकामा व्हावयास पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. लीद फोडून पाहावी : अख्खे दाणे किंवा बोटभर लांब कडब्याच्या काड्या तींत दिसूं लागल्या तर दाढा आपलें काम करीत नाहींत. लगाम घालतांना मान उंच करणें, एकाच बाजूला वळावयास नाकारणें, चालतां चालतां डोकें झटकणें यांना आपण खोड म्हणतों. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढें कांहीं घोड्यांना करंगळीच्या नखाएवढा एक जादा दांत असतो. लगामाची कडी त्यावर आपटून घोडा उसळतो, आणि तो दांत काढला कीं कित्येकदां ती "खोड" नाहींशी होते. एकाच नाकपुडींतून दुर्गंधीचा स्राव येणें ही बहुधा वरच्या दाढेचें मूळ सडल्याची खूण असते. परंतु नाकांत व्रण, अंगावर फुटणाऱ्या गांठी व ताप अशीं लक्षणें जोडीला असलीं तर तो ग्लँडर्स नांवाचा रोग असूं शकेल. तो माणसांनाही होतो. अशा घोड्याला इतरांपासून दूर बांधावें, उघड्या हातानें स्राव पुसूं नये, व त्याच दिवशीं सरकारी डॉक्टरांस कळवावें.

अर्धवट चावलेला कडबा आंतड्यांत जाऊन अडकतो, ही याहून मोठी भीति. घोड्याला ओकतां येत नाहीं. जें आंत गेलें तें पुढेंच गेलें पाहिजे. घोडा पायानें जमीन उकरूं लागला, वळून वळून पोटाकडे पाहूं लागला, लोळूं लागला व लीद बंद झाली, तर घरगुती काढे पाजीत रात्र काढूं नये. असे घोडे पहांटेपर्यंत राहत नाहींत. पाजलेलें औषध श्वासनळींत जाऊन न्यूमोनिया होतो तो वेगळाच.

उपाय फार सोपा आहे. डॉक्टर लांब दांड्याच्या कानशीनें धारदार कडा घांसून बोथट करतात. त्या कडांना संवेदना नसते, म्हणून घोड्याला दुखत नाहीं. निरोगी घोड्याचें तोंड वर्षांतून एकदां दाखवावें. दोन ते पांच वर्षांच्या शिंगराचें वर्षांतून दोनदां, कारण त्या काळांत दुधाचे २४ दांत पडून नवे येतात, व कधीं कधीं जुन्या दाढेचें टोपण नव्या दाढेवर अडकून राहतें. विशी गांठलेल्या घोड्याचेंही दोनदां. पण कानस सोपी दिसते म्हणून ती नालबंदाच्या किंवा लोहाराच्या हातीं देऊं नये. फार घांसली तर दाढेचा आंतला जिवंत भाग तापून मरतो, आणि अगदीं गुळगुळीत केलेली दाढ दळूं शकत नाहीं. छिन्नीनें दांत उडविणारे लोक अजून भेटतात. त्यांत जबडा फुटतो. जनावरावर वैद्यकी नोंदणी झालेल्या पशुवैद्यानेंच करावी असा १९८४ चा कायदाही आहे. कांटेरी लगामास तर ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ सालीं झालेल्या नियमांनीं बंदीच आहे, हें आमच्या बंधूंना ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसही नव्हतें.

डॉक्टर आलेच आहेत तर धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी. पाळीव जनावरांमध्यें घोड्याइतका या रोगाला लवकर बळी पडणारा दुसरा प्राणी नाहीं. खुरांत रुतलेला एक खिळा पुरतो.

नीतिसूत्रांतील ज्या वचनाचा वर उल्लेख केला आहे त्यांत नीतिमान मनुष्याच्या दयेविषयीं सांगितलें आहे असें आपण समजतों. मूळ इब्री भाषेंत तेथें दयेचा शब्द नाहीं. क्रियापद "जाणणें" हें आहे : नीतिमान आपल्या पशूचा जीव जाणतो. दयेला दुरून येतां येतें. आम्ही ओसरीवर बसलों होतों तेव्हां आमच्या मनांत त्या बंधूविषयीं, त्यांच्या मुलांविषयीं, त्या नवरदेवाविषयींही दया होती. जाणण्यासाठीं मात्र उठून गव्हाणीपर्यंत जावें लागतें, आणि तेथवर एक बारा वर्षांची मुलगी गेली.

ज्यांच्या घोड्याच्या दाढा झिजून संपल्या आहेत त्यांनीं कानशीवर आशा ठेवूं नये. तेथें चाऱ्यांतच बदल केला पाहिजे. भिजवून भरडलेला हरभरा, पाण्यांत मऊ केलेला गव्हाचा कोंडा, कोंवळा लसूणघास बारीक कापून, थोडें मीठ, व हें सारें दिवसांतून चार-पांच वेळां थोडथोडें. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एकदम केल्यास पोट दुखतें. तोबऱ्यापेक्षां पसरट घमेलें जमिनीवर ठेवावें, कारण मान खालीं असतांना जबडा नीट फिरतो.

आमच्या त्या घोडीला तीन आठवडे लगाम घातला नाहीं. दीड महिन्यांत तिचें अंग भरूं लागलें. ती उतरलेली दाढ दर सहा महिन्यांनीं थोडी घांसावी लागते, आणि तशी ती जन्मभर लागेल. यंदा बंधूंनीं आसपासच्या गांवांतील घोडेवाल्यांना, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, निरोप धाडून एकाच दिवशीं सातजणांचे घोडे चर्चच्या आवारांत आणविले. डॉक्टरांना एकच खेप पडली व खर्च वांटला गेला. ज्या मंडळ्यांस असें करावयाचें असेल त्यांनीं सावली, भरपूर पाणी व प्रत्येक घोड्यामागें त्याच्या ओळखीचा एक माणूस एवढें तयार ठेवावें, आणि गुंगी उतरेपर्यंत कोणत्याही घोड्यास चारा घालूं नये, नाहीं तर घांस घशांत अडकतो.