प्रकाशित झाले, पण दिसले काय? आयुर्वेदीय संशोधनाची दृश्यता व उद्धरण : एक विचार

चक्रपाणिदत्तांची 'आयुर्वेददीपिका' अभ्यासताना जतूकर्णाचे नाव वारंवार समोर येते. आत्रेयांच्या या शिष्याची संहिता आज स्वतंत्र ग्रंथरूपाने उपलब्ध नाही. तरीही जतूकर्णाचे मत आपणांस ज्ञात आहे, याचे कारण एवढेच की, टीकाकारांनी ते नामनिर्देशासह उद्धृत केले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' टीका लिहिताना हीच परंपरा पाळली. ग्रंथ नष्ट होतो, परंतु उद्धरण टिकते. ज्याला आज 'सायटेशन' म्हणतात ती कल्पना आपल्या शास्त्राला मुळीच नवी नाही, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

मग आजची स्थिती काय? आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी मोठ्या संख्येने पदव्युत्तर प्रबंध सिद्ध होतात. चिकित्सालयांत रुग्णांच्या नोंदी होतात, फार्मसीचालक पदरमोड करून चाचण्या करवितात. यांतील बहुतांश काम ग्रंथालयाच्या कपाटात विसावते. आमच्यापैकी एकाने आमवातावर प्रबंध लिहिला होता. पुढे काही वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने तोच कल्प, तीच मात्रा व तोच व्याधी घेऊन पुन्हा काम केले. पहिल्या कामाचा त्याला पत्ताच नव्हता. दोघांचे श्रम गेले ते गेलेच, परंतु ज्या रुग्णांनी दोन वेळा रक्त दिले व विश्वास ठेवला, त्यांचे ऋण कोणी फेडावयाचे? म्हणूनच दृश्यतेचा हा विषय केवळ प्रतिष्ठेचा नाही, असे आमचे मत आहे.

सर्पगंधेचा धडा

इ. स. १९३१ मध्ये कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील उपयोग 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या नियतकालिकात मांडला. त्याच सुमारास सिद्दिकी व सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली. पुढील काळात भारतात या वनस्पतीवर काम होत राहिले, परंतु पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष तिकडे फारसे गेले नाही.

१९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. तेथून चक्रे फिरली. बोस्टनमध्ये डॉ. विल्किन्स यांनी या औषधाचा अभ्यास हाती घेतला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसरपीन वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार प्राप्त झाला.

वनस्पती तीच, गुण तेच. अंतर अठरा वर्षांचे. फरक पडला तो मांडणीत व स्थानात. रुग्णसंख्या, रक्तदाबाचे आकडे, मात्रा व दुष्परिणाम यांची शिस्तबद्ध नोंद होती आणि ज्यांनी वाचावयास हवे होते त्यांच्या टेबलावर ते नियतकालिक नियमित येत होते.

मोजमापाची परिभाषा

१९५५ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी 'सायन्स'मध्ये उद्धरणसूचीची कल्पना मांडली व १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागला. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, हे त्यातून शोधता येऊ लागले. यातूनच नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला. समजा, एखाद्या नियतकालिकाने लागोपाठ दोन वर्षांत १०० लेख छापले आणि तिसऱ्या वर्षी त्या लेखांचे १५० वेळा उल्लेख झाले, तर त्या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर १.५ होय. हा अंक नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे व लेखकाचा तर नव्हेच. लेखकासाठी २००५ मध्ये हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' सुचविला. ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला आहे, परंतु अकरा लेखांचा प्रत्येकी अकरा वेळा झालेला नाही, त्याचा एच-इंडेक्स १०.

हे अंक नाडीसारखे आहेत. नाडी पाहावी, परंतु केवळ नाडीवरून चिकित्सा ठरवू नये. नियतकालिकाच्या अंकावरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही स्पष्ट म्हटले आहे.

दृश्यतेचे उपाय

१. नाव नेमके द्यावे. शोधयंत्र शब्द ओळखते, अर्थ ओळखत नाही. 'रास्ना' म्हटल्यावर उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गॅलांगा, तर इतरत्र वांडाची जाती घेतली जाते. शंखपुष्पीच्या नावाखाली कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस व क्लिटोरिया या तिन्ही वनस्पती वापरात आहेत. म्हणून संस्कृत नावासमवेत पूर्ण शास्त्रीय नाव, उपयुक्तांग, संग्रहस्थान व ओळख कोणी पटविली, हे द्यावेच. वनौषधींच्या चाचण्या कशा मांडाव्यात याचे 'कॉन्सॉर्ट' मार्गदर्शन २००६ पासून उपलब्ध आहे. ते समोर ठेवूनच लेखनास बसावे.

२. व्याधीची दोन्ही नावे द्यावीत. आमवात म्हणजे सर्वथा 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' नव्हे, हे आपण जाणतो. परंतु शोधणारा दुसऱ्याच नावाने शोधतो. शीर्षकात अथवा सारांशात दोन्ही संज्ञा घालाव्यात आणि निदानाचे निकष दोन्ही शास्त्रांनुसार स्वतंत्रपणे नमूद करावेत. असे केल्याने शास्त्राशी तडजोड होत नाही व लेखही सापडतो.

३. शीर्षक व सारांश यांवर वेळ खर्चावा. 'वातव्याधीतील एका कल्पाचा चिकित्सात्मक अभ्यास' या शीर्षकातून औषध कळत नाही, व्याधीचा प्रकार कळत नाही, अभ्यासाची पद्धतीही कळत नाही. बहुतेक वाचक सारांशापलीकडे जात नाहीत. त्यामुळे रुग्णसंख्या, कालावधी, मात्रा, मुख्य निष्कर्ष व उपद्रव सारांशात आकड्यांसह यावेत.

४. लेखकाचे नाव एकसारखे ठेवावे. एका लेखात केवळ आद्याक्षरे, दुसऱ्यात वडिलांच्या नावासह, तर विवाहोत्तर तिसऱ्यात वेगळे आडनाव, अशाने एकाच व्यक्तीचे काम तिघांच्या नावे विखुरते. त्यात कुलकर्णी, जोशी, पाटील ही आडनावे असंख्य. २०१२ पासून 'ऑर्किड' हा विनामूल्य ओळखक्रमांक मिळतो. तो प्रत्येक संशोधक वैद्याने घ्यावा.

५. चाचणीची पूर्वनोंदणी करावी. भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवही, अर्थात सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. तीत आयुर्वेदीय चाचण्याही नोंदविल्या जातात. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. नंतर धावाधाव करून उपयोग नाही. अनेक चांगली नियतकालिके नोंदणीक्रमांकाविना चाचणीचा लेख विचारातही घेत नाहीत.

६. एका रुग्णाचा वृत्तांतही मोलाचा आहे. खाजगी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास मोठी चाचणी शक्य नसते. परंतु रुग्णाची लेखी संमती, तारीखवार नोंद, पूर्वीचे व नंतरचे तपासणी अहवाल असतील तर २०१३ च्या 'केअर' मार्गदर्शनानुसार लिहिलेला वृत्तांत प्रसिद्ध होऊ शकतो.

७. नियतकालिक पारखून घ्यावे. चार दिवसांत स्वीकृती, भरमसाट स्तुती आणि लगेच शुल्काची मागणी, अशी पत्रे आपल्यापैकी अनेकांना येतात. आमच्या एका सहकाऱ्याने शुल्क भरले, लेख आला आणि वर्षभरात ते नियतकालिकच अदृश्य झाले. अमुक सूचीत आपण आहोत, असे नियतकालिक म्हणते यावर विसंबू नये. त्या सूचीच्या मूळ यादीत स्वतः पडताळावे. जुने अंक वाचावेत, संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या पदावर आहेत काय हे पाहावे.

८. प्रकाशनानंतरही काम उरते. लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक जपून ठेवावा. प्रकाशकाच्या नियमांत बसेल त्याप्रमाणे स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या संग्रहात ठेवावे. विद्यावाचस्पती पदवीचे प्रबंध 'शोधगंगा' संग्रहात ठेवण्याची सोय आहेच. २०११ मध्ये कोइमतूरच्या एव्हीपी रिसर्च फाउंडेशनने 'धारा' ही आयुर्वेदीय संशोधनलेखांची स्वतंत्र सूची सुरू केली. आपले लेख अशा सूचींत आहेत की नाहीत, हे लेखकाने स्वतः पाहिले पाहिजे.

फार्मसीचालकांसाठी

प्रकाशनाचा खर्च व्यर्थ आहे, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. ती सोडावी. ऑगस्ट २०१० मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १५८-ब हा नियम आला, तेव्हापासून परवान्याच्या निकषांत प्रकाशित वाङ्मयाला स्थान मिळाले आहे. हळदीचे उदाहरणही विसरता येत नाही. व्रणरोपणासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिले, तेव्हा घरोघरच्या अनुभवावर भागले नाही, लेखी पुरावे द्यावे लागले. त्यांत संस्कृत ग्रंथांतील उतारे होते, तसाच १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. चाळीस वर्षांपूर्वी छापलेला एक लेख असा उपयोगी पडला.

मात्र अर्थसाहाय्य कोणी केले, कोणत्या बॅचचे औषध वापरले, त्याचे प्रमाणीकरण कसे केले, हे लेखात स्पष्ट सांगितले पाहिजे. जाहिरातीत लेखाचा निर्वाळा देताना लेखात जेवढे आहे तेवढेच सांगावे. चाळीस रुग्णांच्या निरीक्षणावरून 'शास्त्रसिद्ध' असा शिक्का मारणे लेखाचेही नुकसान करते व औषधाचेही.

दृश्यतेसोबत परीक्षा येते

गुग्गुळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रबंध लिहिला. वर्ष १९६६. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत काम वाढले, गुग्गुलिपिड औषध बाजारात आले. २००३ मध्ये मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' नियतकालिकात १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत एलडीएल कोलेस्टेरॉल घटले नाही, उलट किंचित वाढले. काहींना त्वचेवर पुरळही उठले.

यावर संतापून उपयोग काय? शोधन केलेला गुग्गुळ व अर्क यांतील भेद, प्रकृती, आहार, अनुपान हे आपले आक्षेप योग्य असू शकतील. परंतु ते सभेत बोलून पुरत नाहीत. तितक्याच काटेकोर चाचणीने व तितक्याच दिसणाऱ्या ठिकाणी ते मांडावे लागतात. आपली प्रतिकूल निरीक्षणेही आपणच छापावीत. केवळ यशाचेच वृत्तांत देणाऱ्या शास्त्रावर वाचक विश्वास ठेवीत नाही.

आणखी एक सावधगिरी. उद्धरणे वाढावीत म्हणून स्वतःच्याच लेखांची रास लावणे अथवा 'तुम्ही आमचा उल्लेख करा, आम्ही तुमचा करू' असा व्यवहार करणे हे औषधात भेसळ करण्यासारखेच होय. ज्याच्या मताचा आधार घेतला, त्याचे नाव घ्यावे. ज्याचे मत खोडले, त्याचेही घ्यावे. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या तद्विद्यसंभाषेचा अर्थ याहून वेगळा नाही.

प्रत्येक सभासदाने आपल्या संग्रहातील एक प्रबंध अथवा एक रुग्णवृत्तांत निवडून येत्या वर्षभरात तो प्रसिद्ध करावा आणि लेखनापूर्वी त्या विषयावर महाराष्ट्रात पूर्वी काय झाले आहे हे शोधून त्याचा उल्लेख करावा, अशी आमची विनंती आहे. जतूकर्णाला चक्रपाणी लाभला. आपल्या समकालीनांचे चक्रपाणी आपणांसच व्हावे लागेल.